पेनिसिलिनचे शोधक सर अलेक्झांडर फ्लेमिंग

आपल्या खेड्यापाड्यांतील दवाखान्यांत एखाद्या मुलास पेनिसिलिनची सुई टोंचण्यांत येते, तेव्हां तें औषध कोठून आलें व कोणाच्या नजरेस प्रथम पडलें, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं पायांत कांटा मोडून जखम चिघळली, तर तेवढ्यानेंही धडधाकट माणूस पंधरा दिवसांत दगावत असे. बाळंतिणीचा ज्वर, फुप्फुसाचा दाह, रक्तांत भिनलेला पू, ह्यांपुढें मोठमोठे डॉक्टर हात टेकीत. हे रोग आटोक्यांत आणणारें औषध ज्यांनीं शोधिलें, आणि तें बेतानें व नियमानें वापरिलें नाहीं तर तें एके दिवशीं निकामी होईल, असा इशाराही ज्यांनीं जगास वेळींच दिला, त्या सर अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांचें चरित्र आज वाचकांपुढें संक्षेपानें ठेवितों.

जन्म व बाळपण

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागांत एअरशायर नांवाचा परगणा आहे. तेथील डार्व्हेल गांवाजवळच्या लॉकफील्ड नांवाच्या शेतवाडीवर ता. ६ ऑगस्ट १८८१ रोजीं अलेक्झांडर ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील ह्यू फ्लेमिंग हे शेतकरी असून मेंढरें व गुरें पाळीत. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनीं उतारवयांत ग्रेस मॉर्टन ह्या बाईंशीं दुसरा विवाह केला. तिच्या चार मुलांपैकीं अलेक्झांडर हे तिसरे होत. मुलगा सात वर्षांचा झाला न झाला तोंच वडील वारले. पुढें आईनें सावत्र व सख्खीं मुलें ह्यांत भेद न करितां सर्वांस एकत्र वाढविलें, आणि थोरल्या सावत्र मुलाच्या साहाय्यानें शेतीचा गाडा चालविला.

माळरानावरील लहानशा शाळेंत त्यांचें शिक्षण सुरू झालें. नंतर डार्व्हेलच्या शाळेंत जावयाचें म्हणजे रोज कित्येक मैलांची पायपीट असे. वाटेंत ओढ्यांतील मासे, झुडपांतील पक्ष्यांचीं घरटीं, बर्फावरील सशांचे माग, हें सर्व तीं मुलें पाहात जात. बारीकसारीक गोष्टीकडे लक्ष देण्याची ही संवय पुढें जन्मभर त्यांच्या उपयोगी पडली.

लंडनमधील दिवस

तेराचवदा वर्षांचे असतां ते लंडन शहरीं भावांकडे आले. तेथें कांहीं काळ शिकून त्यांनीं आगबोटीच्या एका कचेरींत कारकुनी धरिली. ह्या कामांत त्यांचें मन रमत नव्हतें. तरी चार वर्षें त्यांनीं तें निमूटपणें केलें. इ. स. १९०१ त त्यांचे एक अविवाहित चुलते वारले व वारशानें त्यांस अडीचशें पौंड मिळाले. थोरला भाऊ डॉक्टर होता; त्यानें ह्या पैशांवर वैद्यकी शिकण्याची सल्ला दिली. त्याप्रमाणें ते सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेंत दाखल झाले, आणि १९०६ सालीं उत्तम प्रकारें परीक्षा उतरले.

त्यांचा मूळ विचार शस्त्रवैद्य होण्याचा होता. परंतु ते बंदुकीचे उत्तम नेमबाज असल्यामुळें रुग्णालयाच्या नेमबाज मंडळींस ते तेथेंच राहावेत असें वाटे. त्यांपैकीं एकानें त्यांस डॉ. आल्मरॉथ राइट ह्यांच्या जंतुशास्त्राच्या विभागांत जागा मिळवून दिली. इतक्या किरकोळ कारणानें ते ह्या कामांत शिरले, आणि तेथेंच जवळजवळ पन्नास वर्षें राहिले. ह्या विभागाचा एक मोठा गुण असा कीं, प्रयोगशाळा व रोग्यांच्या खाटा एकाच इमारतींत होत्या. जें खाटेवर दिसे त्याचा शोध नळींत, आणि जें नळींत सांपडे त्याचा पडताळा खाटेवर, असें तेथें चाले.

युद्धांतील अनुभव

इ. स. १९१४ त पहिलें महायुद्ध सुरू झालें. फ्लेमिंग हे डॉ. राइट ह्यांजबरोबर फ्रान्स देशांतील बुलोन्य बंदरीं लष्करी रुग्णालयांत गेले. तेथें आणिलेल्या शिपायांच्या जखमांत माती, कपड्यांच्या चिंध्या व घोड्याची लीद शिरलेली असे. त्या काळची रीत अशी कीं, जखमेंत कार्बोलिकसारखें कडक जंतुनाशक ओतावें. तरीही माणसें पू होऊन मरतच. असें कां होतें, हें फ्लेमिंग ह्यांनीं शोधून काढिलें. त्यांनीं कांचेची एक नळी तापवून तिला कांट्यांसारखे पोकळ फांटे काढिले, व खोल वांकड्यातिकड्या जखमेचा नमुना तयार केला. जंतुनाशक ओतलें तरी फांट्यांच्या टोंकांशीं दडलेले जंतू जिवंतच राहात. शिवाय रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशीं झुंजतात, त्यांसच हें औषध आधीं मारी. म्हणजे शत्रु गडांत सुरक्षित, आणि आपलेच पहारेकरी ठार, असा प्रकार होता. जंतूंस मारील पण रोग्याच्या शरीरास अपाय करणार नाहीं, असें कांहीं असेल काय, हा प्रश्न तेव्हांपासून त्यांच्या मनांत घर करून राहिला.

युद्ध चालूं असतांच, १९१५ सालच्या डिसेंबरांत, त्यांनीं सारा मॅकेल्रॉय ह्या आयरिश परिचारिकेशीं विवाह केला. त्यांस १९२४ सालीं एक पुत्र झाला. तोही पुढें डॉक्टर झाला.

अश्रूंतील द्रव्य

लंडनला परतल्यावर १९२१ सालीं एके दिवशीं त्यांस पडसें झालें होतें. त्यांनीं आपल्याच नाकांतील शेंबूड जंतू वाढविलेल्या बशींत टाकून पाहिला. कांहीं दिवसांनीं पाहतात तों त्या शेंबडाभोंवतालचे जंतू विरून गेलेले! पुढें त्यांनीं दाखविलें कीं, हें जंतू विरविणारें द्रव्य अश्रूंत, लाळेंत व अंड्याच्या पांढऱ्या बलकांतही असतें. अश्रू मिळविण्यासाठीं ते सोबत्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळीत. ह्या द्रव्यास लायसोझाइम असें नांव मिळालें. तें घातक रोगजंतूंवर फारसें चालत नसे, म्हणून लोकांनीं त्याकडे लक्ष दिलें नाहीं. पण जिवंत वस्तूंतून निघालेलें, शरीरास निरुपद्रवी असें जंतुनाशक असूं शकतें, हें त्यांस स्वतःस पटलें.

बुरशीची बशी

इ. स. १९२८ च्या उन्हाळ्यांत ते सुटीवर गेले, तेव्हां गळवें व पू उत्पन्न करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या बऱ्याच बशा मेजावर तशाच राहिल्या. ता. ३ सप्टेंबर रोजीं परत आल्यावर त्या पाहात असतां एका बशींत त्यांस बुरशी चढलेली दिसली. शिळ्या भाकरीवर चढते त्याच जातीची ती होती. बुरशी येणें ही नवलाची गोष्ट नव्हती; दुसऱ्या कोणीं ती बशी धुवून टाकली असती. फ्लेमिंग ह्यांनीं मात्र निरखून पाहिलें. बुरशीच्या जवळचे जंतू विरघळून गेले होते, आणि दूरचे मात्र जोमानें वाढत होते. बुरशींतून झिरपणारें कांहीं तरी त्यांस मारीत आहे, हें त्यांनीं ताडिलें.

त्यांनीं ती बुरशी रश्श्यांत वाढविली. तिचा रस आठशें पट पातळ केला, तरीही तो स्टॅफिलोकॉकस जंतूंची वाढ थांबवी. रक्तांतील पांढऱ्या पेशींस त्यापासून इजा होत नसे. युद्धांत ज्याचा शोध ते करीत होते तें हेंच. ह्या रसास त्यांनीं पेनिसिलिन हें नांव दिलें, व १९२९ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. आंतड्यांतील कांहीं जंतूंवर हा रस चालत नाहीं, हेंही त्यांनीं त्यांत नमूद केलें. मात्र रस शुद्ध करून टिकवावा कसा, हें त्यांस व त्यांच्या साहाय्यकांस साधेना. तो लवकर नासून जाई. ते रसायनशास्त्री नव्हते. त्यांनीं बुरशी जिवंत ठेविली, मागेल त्यास ती दिली, आणि काम तेथेंच अडून राहिलें.

ऑक्सफर्डच्या मंडळींचें श्रम

ह्यापुढील श्रेय दुसऱ्यांचें आहे, आणि तें ज्याचें त्यास देणें योग्य होय. ऑक्सफर्ड येथें हॉवर्ड फ्लोरी हे ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर, जर्मनी सोडून आलेले अर्न्स्ट चेन हे यहुदी रसायनशास्त्री व नॉर्मन हीटली हे तरुण शास्त्रज्ञ ह्यांनीं फ्लेमिंग ह्यांचा जुना निबंध वाचून काम हातीं घेतलें. युद्धाचे दिवस, साहित्याचा तुटवडा. बुरशी वाढविण्यास त्यांनीं रोग्यांच्या शौचपात्रांचाही उपयोग केला. ता. २५ मे १९४० रोजीं आठ उंदरांस प्राणघातक जंतू टोंचण्यांत आले. चार उंदरांस पेनिसिलिन दिलें, ते जगले. बाकीचे चार सकाळपर्यंत मेले.

पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत जंतूंनीं तोंड व डोळे ग्रासलेल्या एका पोलीस शिपायावर हें औषध प्रथमच चालविलें. ताप उतरला, भूक लागली. परंतु पांच दिवसांत औषध संपलें. त्याच्या मूत्रांतून तें गाळून काढून पुन्हां टोंचलें, तेंही पुरलें नाहीं. रोग उलटला व ता. १५ मार्च १९४१ रोजीं तो मरण पावला. औषध अपुरें पडलें तर हातीं आलेला जय कसा निसटतो, ह्याचा हा पहिलाच दाखला होय.

पुढें अमेरिकेंत मोठ्या प्रमाणावर तें तयार होऊं लागलें. पिओरिया गांवच्या बाजारांतील एका बुरसलेल्या खरबुजावर जास्त रस देणारी बुरशी सांपडली. १९४४ सालीं दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यास उतरलें, तेव्हां जखमी शिपायांसाठीं पुरेसें पेनिसिलिन हातीं होतें. त्यापूर्वीं १९४२ सालीं स्वतः फ्लेमिंग ह्यांनीं मेंदूच्या आवरणाच्या दाहानें मरणोन्मुख झालेल्या एका परिचिताच्या पाठीच्या कण्यांत फ्लोरी ह्यांजकडून मिळविलेलें पेनिसिलिन टोंचून त्यास वांचविलें.

हृदयाच्या झडपा

ह्या औषधानें ज्या रोग्यांचे दिवस पालटले, त्यांत हृदयाच्या झडपांचे रोगी प्रमुख आहेत. मनुष्याच्या हृदयांत चार झडपा असतात. पाण्याच्या पंपांत जशी चामड्याची झडप असते, तशाच ह्या. रक्त पुढें जाऊं द्यावयाचें पण मागें परतूं द्यावयाचें नाहीं, हें त्यांचें काम. लहानपणीं घसा सुजून मागून संधिज्वर झाला, म्हणजे ह्या झडपा सुजतात, आखडतात किंवा गळूं लागतात. दांत उपटतांना तोंडांतील जंतू थोडा वेळ रक्तांत शिरतात, हें लंडनच्या डॉक्टरांनीं १९३५ सालीं दाखविलें. निरोगी माणसास त्यापासून अपाय होत नाहीं. पण बिघडलेल्या झडपेवर ते जंतू ठाण मांडून बसतात, त्यांभोंवतीं रक्ताच्या गुठळीचें कवच बनतें, आणि रोगी महिनेच्या महिने बारीक तापानें झिजत जातो. पेनिसिलिनपूर्वीं ह्या रोगांतून उठणारा माणूस विरळाच.

पहिल्या पहिल्यानें थोडें पेनिसिलिन थोडे दिवस देऊन पाहिलें, तेव्हां ताप उतरे, पण औषध थांबतांच पुन्हां चढे. १९४४ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतील रुग्णालयांत डॉ. लिओ लोवे व त्यांचे सोबती ह्यांनीं तेंच औषध मोठ्या प्रमाणांत व अनेक दिवस सतत दिलें, आणि लागोपाठ सात रोगी बरे झाल्याचें प्रसिद्ध केलें. गुठळीच्या आंत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोंचावयाचें तर तें भरपूर व दीर्घकाळ पाहिजे, हें त्यावरून सिद्ध झालें. बुलोन्यच्या कांचेच्या नळीनें जें शिकविलें होतें, तेंच येथें हृदयाच्या झडपेनें शिकविलें.

ह्यानंतर शस्त्रवैद्यांचें धाडस वाढलें. आखडलेली झडप आंतून मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया १९४८ पासून यशस्वी होऊं लागल्या. १९६० सालीं अमेरिकेंत डॉ. अल्बर्ट स्टार ह्यांनीं लोवेल एडवर्ड्स नांवाच्या यंत्रज्ञानें बनविलेली कृत्रिम झडप रोग्याच्या हृदयांत बसविली. परंतु कृत्रिम झडपेवर जंतू एकदां चिकटले म्हणजे त्यांस हुसकणें फार कठीण. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीं, आणि अशा रोग्याचा पुढें दांत काढतांनाही, आधीं प्रतिजैविक औषध देण्याची वहिवाट आहे. ह्यावरून ध्यानांत येईल कीं, औषधास जंतू जुमानीनासे झाले, तर शस्त्रवैद्याचें सारें कसबही फुकट जाईल.

फ्लेमिंग ह्यांचा इशारा

इ. स. १९४३ त रॉयल सोसायटीचें सभासदत्व, १९४४ त सर ही पदवी, आणि १९४५ त फ्लोरी व चेन ह्यांजबरोबर नोबेल पारितोषिक, असे मान त्यांस मिळाले. स्टॉकहोम येथें डिसेंबर महिन्यांत पारितोषिकाच्या प्रसंगीं त्यांनीं जें व्याख्यान दिलें, त्यांत आनंदाच्या भरांत सर्वांनीं विसरावी अशी एक गोष्ट त्यांनीं मुद्दाम सांगितली. जंतू मरतील इतकें औषध न देतां थोडें थोडें दिलें, तर ते त्यास सरावतात, हें प्रयोगशाळेंत सहज घडवून आणतां येतें. आणि तेंच माणसाच्या शरीरांतही घडूं शकतें. ह्यासाठीं त्यांनीं एक कल्पित दृष्टांत दिला. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानांतून पेनिसिलिन विकत घेतो व अपुरें घेतो. त्याच्या घशांतील जंतू मरत नाहींत, उलट शहाणे होतात. तेच जंतू त्याच्या पत्नीस लागून तिला फुप्फुसाचा दाह होतो. आतां पेनिसिलिन तिच्यावर चालत नाहीं व ती मरते. तिच्या मरणाचा दोष निष्काळजी नवऱ्याकडे येतो, असा त्यांचा आशय होता.

हा इशारा खरा ठरण्यास फार दिवस लागले नाहींत. पेनिसिलिन फोडून टाकणारें द्रव्य कांहीं जंतू निर्माण करितात, हें चेन व त्यांचे सोबती एडवर्ड एब्राहम ह्यांनीं १९४० सालींच दाखविलें होतें. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत डॉ. मेरी बार्बर ह्यांनीं रोग्यांच्या पुवांतील स्टॅफिलोकॉकस जंतू तपासून पाहिले. पेनिसिलिनला न जुमानणारे जंतू १९४६ सालीं शेंकडा १४, १९४७ सालीं ३८ व १९४८ सालीं ५९ आढळले. ज्या जंतूवर फ्लेमिंग ह्यांस पहिला जय दिसला, त्याच जंतूनें बंड पुकारिलें. त्यासाठीं मेथिसिलिन नांवाचें नवें औषध निघालें. १९६१ सालीं त्यासही न जुमानणारे जंतू इंग्लंडांत सांपडले. समाधानाची गोष्ट एवढीच कीं, संधिज्वरास कारण होणारा घशाचा जंतू आजवर पेनिसिलिनला वश राहिला आहे. म्हणूनच ज्या मुलास एकदां संधिज्वर झाला, त्याच्या झडपा आणखी बिघडूं नयेत म्हणून दर तीन चार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई देतात, व तिचा गुण अद्याप येतो.

स्वभाव व मृत्यु

फ्लेमिंग हे ठेंगणे, अल्पभाषी व साधे होते. पेनिसिलिन आपण निर्माण केलें नसून तें निसर्गानें केलें, आपणांस तें केवळ आढळलें, असें ते नेहमीं सांगत. जगानें सारें श्रेय त्यांसच दिलें, व ऑक्सफर्डच्या मंडळींस त्याचें वाईट वाटलें, हें खरें. हीटली ह्यांस तर पारितोषिकांत वांटाही मिळाला नाहीं. त्यांची पहिली पत्नी १९४९ सालीं वारली. १९५३ सालीं त्यांनीं आपल्या प्रयोगशाळेंतील सहकारी, ग्रीक डॉक्टर अमालिया कुत्सुरी-वुरेकास ह्यांशीं विवाह केला. ता. ११ मार्च १९५५ रोजीं लंडन येथें हृदयविकारानें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या अस्थि सेंट पॉल मंदिरांत ठेविल्या आहेत.

त्यांजविषयीं एक गोष्ट उपदेशांत पुष्कळदां सांगण्यांत येते. ती अशी कीं, त्यांच्या गरीब वडिलांनीं चर्चिलसाहेबांस बाळपणीं बुडतांना वांचविलें, त्याची फेड म्हणून चर्चिल घराण्यानें मुलाच्या शिक्षणाचा खर्च केला, आणि पुढें त्याच मुलाच्या पेनिसिलिननें चर्चिल वांचले. गोष्ट गोड आहे, पण खरी नाहीं. शिक्षणाचा खर्च चुलत्याच्या वारशांतून झाला. आणि १९४३ सालीं चर्चिलसाहेबांस फुप्फुसाचा दाह झाला असतां दिलेलें औषध सल्फा जातीचें होतें. स्वतः फ्लेमिंग ह्यांनीं ही गोष्ट नाकारिली होती. आपल्या उपदेशकांनीं ती दृष्टांतासाठीं वापरूं नये. खऱ्या चरित्रांत बोध भरपूर आहे.

आपल्याकरितां बोध

आपल्या महाराष्ट्रांत पुण्याजवळ पिंपरी येथें सरकारनें १९५४ सालीं पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना केली, व हें औषध गोरगरिबांच्या आटोक्यांत आलें. परंतु जें स्वस्त झालें तें वाटेल तसें वापरण्याची संवयही लागली. सर्दीपडशास व साध्या तापास, जेथें ह्या औषधांचा कांहीं उपयोग नाहीं, तेथेंही तीं मागून घेतलीं जातात. दोन दिवसांत बरें वाटलें कीं उरलेल्या गोळ्या फडताळांत ठेवून पुढें शेजाऱ्यास दिल्या जातात. औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें एका २०१९ सालांत जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें मेलीं, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आपल्या देशांत २०१६ पासून लोकांस असें शिकविण्यांत येत आहे कीं, ज्या पाकिटावर तांबडी उभी रेघ आहे तें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घेऊं नये.

ही रेघ खेड्यांतील प्रत्येक घरांत ओळखली जावी, हें काम गांवच्या शिक्षकांस व उपदेशकांस सहज करतां येईल. डॉक्टरांनीं सांगितलें तेंच, सांगितलें तितकें, सांगितले तितके दिवस घ्यावें. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊं नयेत व आपल्या कोणास देऊं नयेत. संधिज्वर झालेल्या मुलाची महिन्याची सुई पेरणीच्या व कापणीच्या दिवसांतही चुकवूं नये, आणि दांत काढण्यापूर्वीं त्याच्या हृदयाचा विकार डॉक्टरांस सांगावा. फ्लेमिंग ह्यांच्या दृष्टांतांतील गृहस्थानें कोणाचें वाईट चिंतिलें नव्हतें. त्यानें केवळ थोडी हयगय केली, आणि तिचें मोल त्याच्या घरच्या माणसानें दिलें.